फुलाफुलांचा सनमायका

नाटक मंडळीत तिला सगळे चिमणी म्हणत. ते काही तिच्या चिवचिवाटामुळे नव्हे; तिचा आवाज तर तालमीच्या हॉलमधले पंखे बंद केल्यावरच ऐकू यायचा. चिमणी म्हणायचे ते तिच्या काड्या गोळा करायच्या सवयीमुळे. रस्त्यात कोणी टाकून दिलेला कानतुटका कप दिसला, की हिची पिशवी उघडलीच म्हणून समजा. कोणाच्या घरी पाहुणी म्हणून गेली, तर दिवाणखान्यातली शोभेची कपाटं सोडून ही बया मोरीतला मग, नाहीतर दाराला अडकण म्हणून लावलेला दगड न्याहाळत बसायची. नाटकाला लागणारं सामान, ज्याला मंडळी प्रॉपर्टी म्हणतात, ते तिच्या ताब्यात होतं. ताब्यात म्हणजे पुसायला आणि उचलायला. काय हवं ते दिग्दर्शक सर ठरवायचे, आणायचा नेपथ्याचा कंत्राटदार, आणि धूळ चिमणीच्या वाट्याला.

तिचा दुसरा गुण म्हणजे भीड. 'नाही' हा शब्द तिच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता. रिक्षावाल्याने भलत्याच गल्लीत सोडलं, तर "बरं झालं, मला इथेच यायचं होतं" म्हणून ती उतरायची आणि उरलेला रस्ता मुकाट्याने तुडवायची. केस कापणारीने एकदा तिचे केस पार कानाच्या वर नेऊन ठेवले, तेव्हा आरशात बघून ही म्हणाली, "छान झालेत." आणि मग केस वाढेपर्यंत रुमाल बांधून हिंडली. हिचं जगात कसं व्हायचं, ही तिच्या आईची कायमची काळजी. आईची काळजी अगदीच फुकट होती असं काही मला म्हणवत नाही.

तर सरांनी नवं नाटक घेतलं. सगळं नाटक एका शिंप्याच्या दुकानात घडणारं. कंत्राटदाराने प्लायवूडचं टेबल ठोकून आणलं, त्याला तपकिरी रंग फासला, वर ब्लेडने चार ओरखडे ओढले आणि "घ्या, शंभर वर्षं जुनं" म्हणून छाती फुगवून उभा राहिला. सरांनी टेबलावरून हात फिरवला. हाताला रंग लागला.

"हे टेबल आहे की टेबलाचं सोंग?" सर गरजले. सर साधं बोलतच नसत. "यावर कोणी कधी कपडा कापलाय असं वाटतं का? मला असं टेबल पाहिजे, की पडदा उघडल्याबरोबर लोकांना कळलं पाहिजे, या माणसाने इथे आख्खं आयुष्य घासलंय. चिमणी!"

चिमणी दचकली.

"तू जा. कुठेही जा, फीर, पण खरं टेबल घेऊन ये. बदल्यात त्यांना नवीन करून देऊ. पुढच्या आठवड्यात तालीम त्या टेबलावर झाली पाहिजे. नाहीतर आहेच हे सोंग."

नाहीतर आहेच कंत्राटदार, आणि चिमणीच्या हातात पुन्हा फडकं. हे सर बोलले नाहीत, पण तिला ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला काही आणायला पाठवत होतं, तिच्या नजरेवर भरवसा टाकत होतं. हे काम तिला इतकं हवं होतं, की बसमध्ये बसेपर्यंत ती कोणाशी बोललीसुद्धा नाही. न जाणो, बोलण्याच्या नादात कोणी काढून घेतलं तर.

मग चिमणी फिरली, आणि काय फिरली! बसमधले बाकीचे प्रवासी डोंगर बघायचे, तळी बघायचे, पुतळ्यांसमोर उभे राहून फोटो काढायचे. ही बसस्टँडच्या मागच्या गल्लीत शिरायची. एका ठिकाणी चहावाल्याने पातेल्याच्या झाकणाला मूठ म्हणून दाराची कडी बसवलेली पाहिली. विचारलं तर म्हणाला, "जुन्या घराची आहे. दार गेलं, कडी राहिली." एका सलूनमध्ये लहान मुलांना बसवायची फळी होती, खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची. ती मधोमध झिजून अशी गुळगुळीत झाली होती, की गावातल्या सगळ्या माणसांची लहानपणची बैठक तिच्यावर उमटली असावी. एका लॉजच्या मालकिणीने खोल्यांच्या चाव्यांना फुटक्या कपांचे कान बांधले होते. का, तर खिशात टोचतात, म्हणून गिऱ्हाईक चावी घरी घेऊन जात नाही. चिमणीला ते इतकं आवडलं, की रात्रभर तो कान उशाशी ठेवून झोपली. वस्तूला नीट विचारलं, तर ती आपल्या माणसाची सगळी हकिकत सांगते, असं तिला वाटायचं. आणि वस्तूंना विचारताना भीडही वाटत नाही, हे आणखी बरं.

पण टेबल काही मिळेना. जाईल त्या शिंप्याकडे काच नाहीतर स्टील. एकाने तर तिला फ्रीजच्या खोक्यावर कपडा कापून दाखवला. परतीचा दिवस जवळ आला. आणि मग एका गावात, एका अरुंद रस्त्यावर, पंक्चरवाला आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधोमध, तिला एका शिंप्याचं, म्हणजे मास्तरांचं, दुकान दिसलं.

दुकान कसलं, दोन दारांची खोली. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. मास्तर गळ्यात टेप टाकून उभे होते, आणि त्यांच्यासमोर ते टेबल. चिमणी उंबऱ्यावरच थबकली. जाड फळ्यांचं टेबल, पुढची कड मास्तरांच्या पोटाला टेकून टेकून आत वळलेली. उजव्या कोपऱ्यात इस्त्रीचा काळा डाग, इस्त्रीच्याच आकाराचा. कात्रीचा खालचा दात घासून घासून लाकडात पडलेल्या बारीक रेघा. आणि हाताशी, जिथे मास्तर खडू ठेवायचे, तिथे एक खळगा, अंगठ्याएवढा, निळापांढरा. मास्तर बोलता बोलता न बघता हात टाकायचे, आणि खडू तिथे असायचाच.

"काय शिवायचंय?" मास्तरांनी विचारलं.

आता "टेबल पाहिजे" म्हणायचं सोडून चिमणी म्हणाली, "पिशवीचा बंद तुटलाय." बंद तुटला नव्हता. तिने तो पाठीमागे हात नेऊन तिथल्या तिथे तोडला.

मास्तरांनी बंद शिवला आणि हिने मुक्काम ठोकला. एक कुर्ता दुरुस्तीला दिला, त्याची बाही दोनदा वर-खाली करायला लावली, आणि तेवढ्या निमित्ताने दिवसभर दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली. हे काय, ते काय, विचारत राहिली. मास्तरही माणूस बोलका. फडक्यात गुंडाळलेली अर्धी वीट कापड सरकू नये म्हणून. दांडी वाकवलेला चमचा कॉलरचं टोक आतून बाहेर काढायला. बिस्किटांच्या डब्यात बटणं, आणि बटणांच्या डब्यात बिस्किटं. "ते का?" तिने विचारलं, तर मास्तर पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "आमच्या घरातून बिस्किटांच्या डब्यावर नजर असते. बटणं कोण खातंय!"

पडद्याआडून हसू ऐकू आलं, आणि मास्तरांची बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली. चिमणी तिला पहिल्याच कपापासून काकू म्हणायला लागली.

दुपारी एक गिऱ्हाईक धावतपळत आलं. त्याला गाडी गाठायची होती. शर्ट तयार होता, फक्त काजांचे दोरे लोंबत होते. "राहू द्या मास्तर, चालेल तसाच," तो गयावया करत होता. मास्तरांनी त्याला बसवलं. एकेक दोरा कापला, शर्ट इस्त्री केला, घडी घातली, घडीवरून हात फिरवला, आणि मगच दिला. गिऱ्हाईक पायात वारा भरल्यासारखं पळालं.

"आमच्या दुकानातून दोरा लोंबत काही बाहेर जात नाही," मास्तर म्हणाले.

"चिंधीसुद्धा नाही," काकू अभिमानाने म्हणाल्या.

चिमणीला हे फार आवडलं. त्याचा पुढे काय अर्थ होणार आहे, हे तिच्या डोक्यात आलं नाही, आणि येणार तरी कसं.

संध्याकाळ व्हायला आली तरी तिच्या तोंडून विषय निघेना. शेवटी काकूच समोर येऊन बसल्या. "पोरी, सकाळपासून बघतेय. बाही काही एवढी वाईट बसलेली नाही. तुला हवंय काय, ते बोल ना."

चिमणीने सगळं सांगितलं. नाटक, सर, सोंग, सगळं. बोलताना तिने टेबलावर हात ठेवला होता, आणि तो काढायचं तिला भान नव्हतं. "असं टेबल मी कुठेच पाहिलं नाही," ती म्हणाली, "पण तुमच्या कामाचं आहे, मी कसं मागू?"

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून पुन्हा गळ्यात घातला. "हात्तिच्या, एवढंच ना? घेऊन जा की. स्टेजवर जाणार म्हणतेस! मेव्हण्याकडे नवीन टेबल तयार पडलंय, गिऱ्हाईक नेतो नेतो म्हणून फिरकलंच नाही. तुमच्या सरांना म्हणावं, तेच आम्हाला द्या."

चिमणीचा जीव भांड्यात पडला. तिने तिथूनच सरांना कळवलं, सरांनी सकाळसाठी टेंपो ठरवला, आणि लॉजवर जाऊन ती इतकी गाढ झोपली, की उठायलाच उशीर झाला.

सकाळी दुकानाच्या दारातच तिला मास्तर, काकू आणि एक दणकट माणूस ओळीने उभे दिसले. तिघांचेही चेहरे असे उजळलेले, जणू घरातलं कोणी परीक्षेत पहिलं आलंय. दणकट माणूस म्हणजे काकूंचा भाऊ, सुतार. त्याच्या कानावर पेन्सिल होती आणि केसांत भुसा.

"डोळे मीट," काकू म्हणाल्या. तिने मिटले. "आता उघड."

टेबल चकाकत होतं. इस्त्रीचा डाग नव्हता, कात्रीच्या रेघा नव्हत्या, खळगा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत झगमगीत सनमायका, आकाशी रंगावर गुलाबी फुलं, फुलांना पिवळे डोळे. पुढच्या वळलेल्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी. पायांना चॉकलेटी रंग, अजून ओला. टेबलावर विटा, इस्त्री, मिक्सरचं भांडं, शिलाई मशीनचं झाकण, जे काही जड घरात होतं ते सगळं दाबायला ठेवलेलं.

"रातोरात म्हटलं तर पहाटेच हात लावला, मॅडम," सुतार म्हणाला. "ताईचा हुकूम. स्टेजवर जाणार तर तशा अवतारात थोडंच जाईल?"

"आमच्या दुकानातून..." मास्तर सुरू झाले.

"...दोरा लोंबत काही जात नाही," चिमणीने वाक्य पुरं केलं. तिच्या डोळ्यांसमोर सर उभे राहिले, सरांच्या मागे कंत्राटदार, आणि कंत्राटदाराच्या हातात तिच्यासाठी फडकं. तिला रडायचं होतं. पण समोर काकू पदराच्या टोकाशी चाळा करत, तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"छान," चिमणी म्हणाली. "फार छान झालंय."

"फुलं मी निवडली," काकू म्हणाल्या.

"फुलं तर फारच छान."

आता सगळ्यांनीच कौतुकाचा सपाटा लावला. सुताराने विटा उतरवल्या आणि पट्टी किती सरळ बसली ते दाखवलं. काकूंनी फुलांवरून ओलं फडकं फिरवून, डाग कसा लगेच पुसला जातो, ते दाखवलं. मास्तर म्हणाले, "थांबा, जाता जाता एक तुकडा यावर कापतो, म्हणजे मलाही बरं वाटेल." त्यांनी कापड पसरलं. कापड सरकलं. त्यांनी ओढून घेतलं, ते दुसऱ्या बाजूने घसरलं. न बघता त्यांनी खडूसाठी हात टाकला. हात फुलांवर फिरला, परत फिरला, आणि खडू घरंगळत जाऊन जमिनीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"छान आहे," मास्तर म्हणाले. "गुळगुळीत आहे. काम झरझर होईल."

आणि नेमक्या त्याच जागी, जिथे मास्तरांचा हात फिरला होता, सनमायक्याला एक फुगवटा आला. छोटासा, एका फुलाच्या पोटात हवा भरल्यासारखा. सुताराने अंगठ्याने दाबला. 'टक्' करून तो बसला आणि वीतभर पलीकडे उठला. काकूंनी तिथे दाबला, तर मास्तरांच्या पोटाशी उठला. तिघंही टेबलाभोवती फिरून फुगवटा दाबत होते आणि एकमेकांकडे बघून "काही नाही, बसेल, बसेल" म्हणत होते. चिमणीने त्या पहिल्या फुलाला बोट लावलं. खाली काहीतरी पोकळ लागलं. पण बोलायचं काय, आणि कोणत्या तोंडाने? फुलं छान आहेत असं आत्ताच तर म्हणाली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. फोन जुना होता, त्याचा आवाज स्पीकरवरूनच यायचा. सर तर सर, त्यात स्पीकर; पंक्चरवालासुद्धा हातातली ट्यूब सोडून ऐकायला लागला.

"चिमणी! टेंपो निघालाय, पण छोटा मिळालाय. टेबल उभं-आडवं मावायचं नाही. असं कर, पाय कापून टाक!"

"सर..."

"तिथे सुतार असेलच. गुडघ्यात काप चारही पाय, इथे खिळे मारून जोडू. पुढे कपडेच लटकवायचेत, पाय कोणाला दिसणारेत? कळलं ना?"

चिमणीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसले, पण ते हसू ओठांच्या पलीकडे काही गेलं नाही. "कापा की," ते म्हणाले. "आमचं काही नाही. तुमची सोय महत्त्वाची." काकू म्हणाल्या, "हो, हो, पायांचं काय एवढं." सुताराने मान डोलावली आणि करवत उचलली. खाली बसून पहिल्या पायावर त्याने पेन्सिलीने खूण केली, करवत खुणेवर टेकवली.

"नाही!"

कोण ओरडलं म्हणून सुताराने वर पाहिलं. काकूंनी रस्त्याकडे पाहिलं. चिमणीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला होता.

"काय म्हणालीस?" फोनमधून सर म्हणाले.

"नाही म्हणाले, सर." एकदा बांध फुटल्यावर पाणी कोणाचं ऐकतं? "पाय कापायचे नाहीत. मी कापू देणार नाही. माणूस या टेबलाशी उभं राहून म्हातारा झालाय, आणि तुम्ही गुडघ्यात काप म्हणता! आणि काकू, तुम्ही रागवा, मला हाकलून द्या, पण मला हा सनमायका नको. मला कालचं टेबल हवंय. डागाचं, खळग्याचं. ते बघूनच मी दिवसभर इथे बसले, पिशवीचा बंदसुद्धा मीच तोडला होता. फुलं छान नाहीत. म्हणजे फुलं छान आहेत हो, पण इथे नाहीत!"

एवढं बोलून ती स्टुलावर मटकन बसली. काकूंचा चेहरा पाहायची तिची हिंमत होईना. जी माणसं पहाटे उठून तिच्यासाठी राबराब राबली होती, त्यांच्या तोंडावर तिने त्यांचं केलेलं फेकलं होतं. काम तर गेलंच, आता माणसंही गेली, असं तिला वाटलं.

"मलाही," कोणीतरी म्हणालं.

मास्तर म्हणाले होते. खाली वाकून ते खडूचे तुकडे गोळा करत होते. "मलाही कालचंच हवंय. सकाळपासून छान छान म्हणतोय, पण छातीवर दगड ठेवून. हिला वाईट वाटेल म्हणून."

"मला?" काकूंचा आवाज चढला. "अहो, मी तर तुमच्यासाठी म्हणून! तुमचं टेबल लोकांत जाणार, नावं ठेवायला नकोत कोणी, म्हणून पहाटे भावाला उठवलं. मला वाटलं, तुम्ही खूश आहात!"

"मी खूश होतो, कारण तू खूश होतीस!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग काकूंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पदरात, मग पदर सोडून खदाखदा. मास्तर टेबलाला धरून हसायला लागले. हसत नव्हता तो फक्त सुतार. तो करवत मागे लपवून, कान खाजवत उभा होता.

"ताई, आता खरं निघालंच आहे, तर एक सांगू? ओरडणार नसशील तर."

"काय केलंस?"

"मी रंधा मारलेला नाही. सनमायक्याच्या आधी लाकूड तासून सपाट करायचं असतं. पण पहाटे पहाटे कोण तासत बसणार? तसाच गोंद फासला आणि चिकटवला. म्हणून तर फुगतोय."

काकूंनी तोंड उघडलं. उभ्या आयुष्यात त्यांनी या भावाच्या आळसाला शिव्याच घातल्या होत्या. अंगवळणी पडलेली एक शिवी ओठांवर आलीसुद्धा. आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे खाली सगळं आहे तसंच?"

"आहे तसंच. गोंदही अजून ओलाच असेल. पण घाईने ओढाल तर ढलपे निघतील."

"ओढायचं कशाला?" मास्तर म्हणाले. त्यांच्या अंगात वारं संचारलं होतं. गादी शिवायचा जाड दोरा त्यांनी रिळावरून सोडला, मेणावरून दोनदा ओढला, आणि त्याचं एक टोक चिमणीच्या हातात दिलं. "तू त्या बाजूला. कोपऱ्यातून आत घाल. आता करवतीसारखा, मागे-पुढे. मी ओढलं की तू सैल सोड."

पट्टी उचकटून सुताराने कोपरा मोकळा केला. दोरा सनमायक्याखाली शिरला. टेबलाच्या एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला चिमणी, दोघं दोरा मागे-पुढे ओढत पुढे सरकत होती. गोंद चुर्र चुर्र करत सुटत होता. काकू सुटलेला सनमायका वर धरून मागोमाग येत होत्या. "हळू! हळू! फुलाला तडा जाईल!"

"आता फुलाचं काय घेऊन बसलीस?" मास्तर म्हणाले.

काकू जरा थांबल्या. मग मान वेळावून म्हणाल्या, "सगळेच खरं बोलताहेत, तर मीही बोलते. हा सनमायका मी स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी आणला होता. किती दिवस पलंगाखाली जपून ठेवलाय. रोज वाकून बघायचे. काल म्हटलं, जाऊ दे, टेबल स्टेजवर जातंय, त्यालाच होऊ दे."

दोरा थांबला. मास्तर बायकोकडे बघत राहिले, आणि चिमणीचे डोळे भरून आले. ही बाई घरातलं सगळ्यात आवडतं उचलून परक्या पोरीला द्यायला निघाली होती, आणि ती परकी पोर ते नको म्हणत होती. पण नको म्हणाली म्हणून तर ते काकूंना परत मिळत होतं. याचं वाईट वाटून घ्यायचं की आनंद मानायचा, ते चिमणीला काही ठरवता येईना. शेवटी तिने आनंदच मानला आणि दोरा ओढला.

सनमायका अखंड निघाला. काकू आणि सुतार तो दोन बाजूंनी धरून, आजारी माणसाला न्यावं तसा, पडद्याआड घेऊन गेले. खाली टेबल होतं. गोंदाने चिकट, ठिकठिकाणी पांढरं, पण तेच. मास्तरांनी गरम पाण्याचं फडकं मारलं, तसा डाग वर आला, रेघा वर आल्या, खळगा वर आला. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर टेकवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"मास्तर," चिमणी म्हणाली, "खरं सांगा. द्यायचंय का तुम्हाला?"

"द्यायचंय," मास्तर म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पण कायमचं नाही. काल तू टेबलावर हात ठेवून मागितलंस, मला नाही म्हणवलं नाही. नाटक संपलं, की परत हवंय. तोवर चालवतो मी त्या नव्यावर, घसरत घसरत."

"आणि नाही मिळालं, तर हे जेवायचे नाहीत," आतून काकू ओरडल्या.

चिमणीने इकडे-तिकडे फोन शोधला. तो स्टुलाखाली पडला होता, आणि चालूच होता. तिने तो उचलला.

"सर, ऐकताय?"

"केव्हापासून ऐकतोय," सर म्हणाले. गरजले नाहीत, नुसतं म्हणाले. "सगळी तालीम थांबवून ऐकतोय. इथे सगळे गोळा झालेत."

"टेबल मिळालंय. पाय शाबूत, वर काही फासायचं नाही, खिळा मारायचा नाही. नाटक संपलं, की मी स्वतः परत आणून देणार. हे कबूल असेल तर मोठा टेंपो पाठवा. नसेल तर मी मोकळ्या हाताने येते."

पलीकडे कंत्राटदार काहीतरी कुजबुजला, आणि सरांनी त्याला गप्प केल्याचं कळलं. मग सर म्हणाले, "मोठा टेंपो पाठवतो. चिमणी, तुला हे असं बोलता येतं, मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं, सर."

दुपार उलटता उलटता मोठा टेंपो आला. तोवर सुताराने पायांचा ओला रंग रॉकेलच्या फडक्याने पुसून काढला होता. काकूंनी टेबलावर दोन जुन्या चादरी गुंडाळल्या, मास्तरांनी दोऱ्यांना गाठी मारल्या आणि लोंबणारी टोकं कापली. सुतार आणि पंक्चरवाला पुढच्या बाजूला उभे राहिले. उचलायची वेळ आली, आणि मास्तरांनी चिमणीला बाजूला घेतलं.

"पोरी, येईल ना ग परत?"

"हो," चिमणी म्हणाली.

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांची होकारार्थी उत्तरं ऐकलेला माणूस तो. उद्या येतो, नक्की येतो, म्हणून न आलेल्यांचे कपडे अजून त्यांच्या फळीवर पडून होते.

"द्या बिनघोर," काकू म्हणाल्या. "हिला नाही म्हणताना ऐकलंय आपण."

मास्तरांनी मान हलवली, दुकानाचं एरवी बंदच असणारं दुसरं दार उघडलं आणि टेबलाला वाट करून दिली.